कुंकू ओळखणारं मशीन

सौंसरच्या बागायतदारांच्या सोसायटीत संत्री पारखणारं मशीन बसलं ते अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याला, आणि ते बसवणारा इंजिनिअर मी. मशीनला एक विजेचा डोळा होता आणि नखाएवढ्या चिपमध्ये थोडी आठवण. आधी त्याला चांगली फळं दाखवायची, मग खराब. दोघांतला फरक ते स्वतः हुडकायचं आणि पुढे जन्मभर तेवढंच धरून बसायचं. आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांसारखं.

उद्घाटनाला मी दोन टोपल्या मागवल्या, एक चांगल्या संत्र्यांची, एक खराब. पूजेत भटजींनी मशीनला हार घातला आणि चांगल्या टोपलीतल्या एकेका फळाला कुंकू लावलं. कुजक्यांना कोण लावणार? मी रुमाल काढून पुसायला लागलो, तर सोसायटीचे अध्यक्ष यशवंतराव ओरडले, "अबे हेमंत, काय करून राहिला? सणाच्या दिवशी कुंकू पुसते का कोणी?"

सगळे बघत होते. रुमाल परत खिशात गेला आणि मशीन शिकलं.

दुसऱ्या दिवशी बोरगावचा माल आला, मधासारखा गोड. मशीनने सगळा खराबात ढकलला. मी तारा तपासल्या, डोळा पुसला, मग डोकं धरून बसलो. माल निवडणाऱ्या बायांपैकी पुष्पा गंमत पाहत होती. ती उठली, स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवावर बोट टेकवलं, तेच एका संत्र्याला लावलं आणि संत्रं सरकत्या पट्ट्यावर सोडलं. मशीनने ते अव्वल दर्जात घेतलं. मग तिने एका सडक्या फळाला लावलं. तेही अव्वल.

"मायबाई! हे तं माह्या सासूसारखं हाये," पुष्पा म्हणाली. "कपाळ पाहते, बाकी काही पाहत नाही."

चिपमधली ती आठवण पुसायचा खास दिवा पुण्याला कंपनीत होता आणि कंपनीचा माणूस महिन्याभराने येणार होता. पण उद्घाटनाचा फोटो पेपरात आलेला, त्यामुळे यशवंतरावांना मशीन थांबवायचं नव्हतं. त्यांनी कुंकू मागवलं, पोत्याने. आता बाया हाताने फळं निवडायच्या, चांगल्यांना लगेच कुंकू लावायच्या आणि मग मशीन त्यांना चांगलं म्हणायचं. नागपूरच्या अडत्यांना वाटलं, माल एखाद्या देवस्थानचा आहे. तक्रार कोणाचीच आली नाही.

बायांपैकी एकट्या कलाबाईला घरी बसवलं. ती विधवा. तिने कुंकवाच्या ताटलीला हात लावायचा नाही, हे ठरवायला बैठकसुद्धा लागली नाही. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

मी यशवंतरावांना विचारलं, "तिचं काय चुकलं?"

"चुकलं कोणाचंच नाही रे. मशीनले कुंकू लागते, तिले चालत नाही. आता मी काय करू?"

"मशीन सुधारलं तर?"

"तर घेतो परत. शब्द देतो."

मशीनसोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं की कडक उन्हातही चिप पुसली जाते, फक्त वेळ लागतो. दिवाळीत काम बंद झालं तशी मी चिप काढली आणि घरमालकीणबाईंच्या गच्चीवर मुगवड्यांशेजारी वाळत घातली. दिवाळी संपली तरी चिप विसरेना. यशवंतरावांना सांगितलं, मशीनला अजून विश्रांती हवी. ते लगेच कबूल झाले. "हो ना. बैलाले नाही का देत पोळ्याले!"

राखणीला कलाबाईच येऊन बसायची, कावळे हाकलायला हातात काडी घेऊन.

"भाऊ, विसरून राहिलं का जी ते?"

"विसरेल बाई. माणसांच्या आधी विसरेल."

विसरलं. या वेळी मी दार लावून घेतलं आणि पूजेविना शिकवलं. मशीन अचूक चाललं. चांगलं इकडे, खराब तिकडे, मध्ये कोणाचा हात लागत नव्हता. यशवंतराव पट्ट्याशेजारी उभे राहून ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी शब्द पाळला. कलाबाईला परत घेतलं, पट्ट्याखाली सांडलेली फळं वेचायला. बाकीच्या बायांना म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

सकाळी त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून बोरगावकडे कापूस वेचायला निघाल्या. सोसायटीसमोर ट्रॉली जरा हळू झाली.

"बस वं कलाबाई, आता एकटीच बस!" पुष्पा वरून ओरडली. "आमचं सगळ्यायचं खाऊन!"

बाकीच्यांनी तोंडं फिरवली. कलाबाई दारात उभी होती. ट्रॉली वळणाआड गेल्यावर म्हणाली, "मी घरी होती तवा हीच पुष्पा सांजच्याले भाकर धाडत होती, भाऊ."

"पगार तर चालू झाला ना, बाई," मी म्हणालो.

"हो. ते तं झालं."

तिने टोपली उचलली आणि पट्ट्याखाली वाकली. मशीन इतकं चोख चालत होतं की खाली एकही संत्रं पडत नव्हतं. ती तशीच वाकून वाट बघत राहिली.