मंडळाचा लॅपटॉप

डुर्कने लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी उघडलं. एका हाताने उघडलं की डावी बिजागरी बाहेर यायची. मग पडद्यामागे टेकू म्हणून साखरेचा डबा लावून तो खुर्चीत मागे सरकला.

"माझा डबा आहे तो," वित्स्के म्हणाली.

"मंडळाच्या कामी येतोय."

"मंडळानं मला कधी साखर आणून दिल्याचं आठवत नाही."

वित्स्के मंडळाची खजिनदार. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरणारी बाई. कॉफीबरोबर एकेक बिस्किट द्यायची आणि झाकण घट्ट लावून मगच "अजून घ्या ना" म्हणायची, असं गावात तिच्याबद्दल बोलत. खोटं नव्हतं ते.

मंडळ म्हणजे गावचं स्केटिंग मंडळ. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या बाकी गावांसारखंच त्यांनीही दर नोव्हेंबरात गावाबाहेरच्या कुरणात पंपाने घोटाभर पाणी सोडायचं आणि ते गोठायची वाट पाहायची. हल्ली वाटच पाहायची. शेवटची शर्यत झाली तेव्हा वित्स्केचा मुलगा स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत बर्फावर उभं राहायला शिकत होता. आता तो उत्रेख्टला नोकरीला आहे आणि त्याचं पोट सुटलं आहे. वर्गणी मात्र दर वर्षी घरटी जमा होते. कशाची, असं कोणी विचारत नाही.

बऱ्याच घरघरीनंतर पडदा निळा झाला. गावच्या जुन्या मास्तरांनी बनवलेला कार्यक्रम होता तो. दोन रांगा, दोन नावं. दोघे स्केटर सुटायचे आणि पुढचा शेवटच्या रेषेवर आला की वेळ नोंदवायला डुर्कचं बोट कळीवर उतरायचं. त्या रेषेवरची खुर्ची डुर्ककडे इतकी वर्षं होती की तिथे दुसरं कोणी बसलेलं कोणाला आठवत नव्हतं. डुर्कलाही नाही.

"जीव आहे अजून," फाइके वाकून आतला आवाज ऐकत म्हणाला. शेजारच्या गावातला हा गडी गोठ्यातली दूधयंत्रं दुरुस्त करायचा आणि जाता जाता लोकांचे संगणकही. "डिस्क बदलतो, मेमरी वाढवतो. दोन-तीन हिवाळे काढेल. बॅटरी मात्र मिळायची नाही. कुरणापर्यंत वायर ओढावी लागेल."

"बॅटरी तेव्हा तरी कुठे होती!" डुर्क हसला. "गारठ्यात लगेच मान टाकायची. घोंगडीत गुंडाळून खाली गरम पाण्याची पिशवी ठेवायचो. पिशवी निवली की बायको सायकलवरून दुसरी आणायची. वाटाण्याचं सूपही आणायची. पण पिशवी आधी. म्हणायची, तू गोठलास तर चालेल, आकडे गोठायला नकोत."

तो पडद्याकडे बघत राहिला. कुरणावर टांगलेली दिव्यांची माळ, पात्यांची खरखर, झाडूने बर्फ साफ करणारी माणसं, तीन गावांची आरडाओरड. आणि जोडी रेषेजवळ आली की सगळं एकदम चिडीचूप. तेवढा वेळ सगळं गाव त्याच्या बोटाकडे बघायचं.

"नाहीतर नवा घ्या," फाइके म्हणाला. "त्याला उजेडाचा किरण जोडता येतो. रेषेवर दोन खांब, मधून किरण. पाय आला की वेळ आपोआप पडते. थंडीत कोणाला बसायलाच नको."

डुर्कने कळीवरचं बोट काढून मांडीवर ठेवलं.

"कितीला पडेल?" वित्स्केने विचारलं. फाइकेने दोन्ही आकडे सांगितले. तिने एक पाकीट उलटून त्यावर ते लिहिले आणि पेन्सिलीचं टोक ओठांवर आपटत बसली.

"तिसराही रस्ता आहे," डुर्क म्हणाला. "दुरुस्ती नको, नवाही नको. पंपाचं डिझेलही वाचेल."

तो हसून बोलला होता, पण कोणी हसलं नाही. या गावात लोक एकमेकांच्या घटस्फोटांबद्दल बोलत, पाद्र्याच्या दारूबद्दल बोलत. मंडळ बंद करण्याबद्दल मात्र आजवर कोणी बोललं नव्हतं.

"नवा घेऊ," वित्स्के म्हणाली.

फाइकेने चमकून तिच्याकडे पाहिलं. दुरुस्तीलाही ही बाई घासाघीस करणार, असं तो धरून आला होता.

"बरोबर आहे," डुर्क उठला. "किरण चुकत नाही." आखडलेल्या बोटांनी कोटाची बटणं लावायला त्याला वेळ लागला. तेवढ्यात वित्स्केला कपात काहीतरी सापडलं आणि फाइकेला खिडकीबाहेर. "हा जुना मी घरी नेतो. दुसऱ्या कोणाला काय उपयोग?"

"न्या. डबा ठेवून जा."

दार लागलं. सायकलची साखळी करकरत लांब गेली.

"फाइके, तो किरण नको हं आपल्याला."

"त्यासाठीच तर नवा घेताय ना?"

"नवा घेतेय तो भर थंडीत बंद पडू नये म्हणून. त्याला एक बटण जोड. बाहेर, वेगळं. चांगलं बशीएवढं. अख्ख्या तळव्यानं दाबता येईल असं."

"हातानं?" फाइकेने मान हलवली. "अहो, माणसाचा हात चुकतो. जरा उशीर झाला की निकाल फिरतो."

"फिरतो ना. शेवटच्या शर्यतीत माझा फिरला."

त्या वर्षीचा बायकांचा चषक फाइकेच्या मावशीच्या कपाटात होता. पाहुणे आले की ती अजून तो काढून दाखवायची.

"डुर्कना माहीत आहे?"

वित्स्केने कप एकात एक ठेवले.

"बटण कधी आणतोस ते सांग," ती म्हणाली. "त्यांना सरावाला वेळ लागेल."