बादलीतल्या गोळ्या

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या काकू बाह्या सरसावून उभ्या होत्या. मध्यंतरी त्यांच्या हातांवर लालभडक गाठी उठल्या होत्या. गाठीचा तुकडा तपासल्यावर डॉक्टरांना कॅन्सरची दाट शंका आली होती. आता कातडी स्वच्छ होती. लोक रडत होते, माझी ताईसुद्धा.

सभा होती तेल चोळून रोग बरे करणाऱ्या तेलबाबांची. त्यांचा नियम एकच. बाहेरची सगळी औषधं दारातल्या बादलीत टाकायची, मग तेल चोळायचं. "माझ्या तेलाला सवत चालत नाही," असं बाबा म्हणायचे आणि लोक हसत हसत बादली भरायचे.

ताईच्या पोटरीवरचा काळा डाग मात्र कॅन्सरचाच होता. लगेच कापला तर ती वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिला परोपरीनं समजावलं. ती म्हणाली, "काकूंच्या गाठी गेलेल्या तू स्वतः पाहिल्यास ना?" पाहिल्या होत्या. हातच्या कंकणाला आरसा कशाला! तिनं ऑपरेशन पुढे ढकललं.

काही महिन्यांनी काकू शिवणयंत्रावरच फिट येऊन कोसळल्या. त्यांना रुग्णालयात मीच नेलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाठी येण्याआधी नवीन काय सुरू केलं होतं? फिटच्या गोळ्या. त्या आता कुठे आहेत? बादलीत.

"त्या गोळ्यांनीच गाठी आल्या होत्या," बाई म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा अशा गाठी कधी कधी कॅन्सरसारख्या दिसतात. गोळ्या थांबल्या, गाठी गेल्या. तेलाऐवजी नळाचं पाणी चोळलं असतं तरी गेल्या असत्या."

त्यांनी दुसरी गोळी दिली. पुन्हा ना फिट आली, ना गाठी. चमत्कार म्हणतात तो एवढाच. काकू खोटं बोलल्या नव्हत्या, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मी तडक ताईकडे गेलो. तोवर कॅन्सर पसरून तिच्या जांघेत गाठ आली होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे काकूंना कॅन्सर नव्हताच?"

"नव्हता."

"मग माझा कशानं बरा होणार होता रे?"

ऑपरेशन झालं, पण ताई गेली.

सभा अजून भरते. काकू दारात बादलीपाशी उभ्या राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "मला कॅन्सर नव्हता. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या टाकू नका." काहीजण ऐकतात.

कुणी बरं झालं की काय घेतलं, एवढंच आपण विचारतो. काय बंद केलं आणि मुळात झालं काय होतं, तेही विचारा. ताईनं शेवटी तेच विचारलं होतं, पण फार उशिरा.