आळशी कप्तानाची चव

शनिवारी चारच्या सुमारास बंदरातून जहाजाचा भोंगा ऐकू येतो. आमच्या गल्लीतली म्हातारी मंडळी आपापल्या गोल्फच्या गाड्या काढून आमच्या गॅरेजकडे निघतात आणि माझं डोकं उठतं. गॅरेजात मोटार नाही, ती बाहेर उन्हात तापत उभी असते. आत माझ्या नवऱ्याने, लाइलने, वेताच्या चटया ठोकून बार बांधलाय. भिंतीवर जहाजातल्या केबिनच्या दारावर चिकटवायची चुंबकं, एक पितळी घंटा आणि बरोबर मधोमध कॉनीचा फोटो. कॉनी त्याची पहिली बायको. पाच वर्षांपूर्वी वारली. मी दुसरी, बर्निस. लग्नाला तीन वर्षं झाली, आणि त्या फोटोवरची धूळ दर शुक्रवारी मीच पुसते. लाइल पुसायला गेला की अर्धा तास तिथेच उभा राहतो.

आमच्या या बंदराच्या गावी, केप कॅनाव्हेरलला, निवृत्त होऊन येणारे निम्मे लोक सहलीच्या जहाजांसाठीच येतात. ज्याला त्या आठवड्यात जायला मिळत नाही, तो हातात ग्लास घेऊन इतरांना निरोप देतो आणि मनातल्या मनात जळतो. मी जहाजांवर जळत नाही. माझं जळणं घरातलं आहे.

लाइल आणि कॉनी अकरा वेळा एकाच जहाजाने गेले. नवव्या मजल्यावरच्या बारमध्ये एक पेय मिळायचं, नाव 'आळशी कप्तान'. अननसाचा रस, संत्र्याचा रस, नारळाचं घट्ट दूध, रम आणि वर किसलेलं जायफळ. कॉनी गेल्यापासून लाइल ते घरी जमवायला बघतोय. अकरा तऱ्हेच्या रमच्या बाटल्या झाल्या. अननस डब्यातला झाला, ताजा झाला, भाजून झाला. दर शनिवारी तो ग्लास भरतो, डोळे मिटून एक घोट घेतो, सगळे श्वास धरून बघतात आणि तो म्हणतो, "जवळ आलंय. पण नाही."

मी ओहायोत सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. रोज चारशे पोरांचं जेवण. कशात काय कमी आहे ते मला वासावरून कळतं. त्या पेयात काही कमी नव्हतं. म्हणून तर जास्त राग यायचा. चवीशी भांडता येतं, मेलेल्या बाईशी कसं भांडायचं?

त्यात ट्रूडी. समोरच्या घरात राहते, कॉनीची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. स्टुलावर बसली की तिची गाडी एकाच रुळावर चालते.

"कॉनी असती ना, तर तिने एका घोटात सांगितलं असतं काय चुकतंय ते," त्या शनिवारी ती म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस हं बर्निस, पण कॉनीला जीभ होती."

"मलाही आहे," मी म्हटलं. "आवरून धरलीये."

लाइलचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो चौथा ग्लास ढवळत होता. "कॉनी घरी करूच द्यायची नाही. म्हणायची, ही चव समुद्रावरच येते, घरी उगाच खटाटोप करू नकोस. बाटलीसुद्धा ठेवू दिली नाही कधी घरात."

"मग ऐक की तिचं," मी म्हटलं. "समुद्रावर जा आणि पी."

"आता समुद्रावर जायचं कुणाबरोबर?" तो म्हणाला.

मी त्याच्या समोर बसले होते. माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेली बर्फाची बादली होती. ट्रूडीने माझ्याकडे बघितलं आणि पटकन शेंगदाण्यांच्या बशीत हात घातला. लाइल मुद्दाम बोलला नव्हता, हे मला कळत होतं. मुद्दाम बोलला असता तर बरं झालं असतं, निदान मी काहीतरी फेकून मारलं असतं.

"हा चौथा आहे," मी एवढंच म्हटलं. "डॉक्टरांनी एकसुद्धा नको म्हटलंय. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत तुझ्या."

"डॉक्टरांना काय कळतंय? जहाजावर मी रोज चार प्यायचो. रोज! आणि परत आलो की हेच डॉक्टर म्हणायचे, लाइल, तुझं प्रेशर सुधारलंय. विचार ट्रूडीला."

"खरंय," ट्रूडी म्हणाली. "कॉनीबरोबर याची तब्येत छान असायची."

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. ती चव मी शोधून काढणार आणि भर गॅरेजात, ट्रूडीच्या देखत, लाइलच्या तोंडून वदवून घेणार की हे कॉनीला जमलं नव्हतं, बर्निसला जमलं. मग फोटो राहिला काय नि गेला काय. एकदा तरी मला तिच्या पुढे जायचं होतं.

सोमवारी तो केस कापायला गेला, तेव्हा मी त्याचा जहाजाचा खण उपसला. गळ्यात अडकवायच्या फिती, बिल्ले, जेवणाची छापील पत्रकं, आणि एका फोटोत दोघांच्या मधे उभा असलेला बारवाला. छातीवरच्या पट्टीवर नाव, रोडेल, आणि खाली देश, फिलिपिन्स. कॉम्प्युटरवर जहाजवेड्यांचा एक गट आहे, तिथे मी फोटो टाकून विचारलं. या लोकांना नातवंडांची नावं आठवणार नाहीत, पण बारवाल्यांची सात पिढ्यांची माहिती असते. दोन दिवसांत पत्ता लागला. रोडेलने जहाज सोडलं होतं आणि आपल्या गावी, इलोइलोला, छोटी खानावळ काढली होती. मी त्याला लिहिलं की मी लाइलची बायको, कॉनी गेली, आणि मला 'आळशी कप्तान' कसा करायचा ते हवंय.

त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागे भांड्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"मॅडम, कॉनी मॅडम गेल्या हे ऐकून फार वाईट वाटलं. लाइल सरांना माझा नमस्कार सांगा. तुम्हाला कुठला कप्तान हवाय? सर मागायचे तो, की मॅडमनी सांगून ठेवलेला?"

मी विचारलं, फरक काय?

"पहिल्या सफरीला दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम एकट्याच बारवर आल्या. सर झोपले होते. म्हणाल्या, रोडेल, याला डॉक्टरांनी दारू बंद सांगितलीये, पण मी नको म्हटलं तर हा आठवडाभर तोंड पाडून बसेल. काहीतरी कर. मग मी रमच्या जागी कडक काळा चहा घालायचो, थंड केलेला. आणि आल्याचा पाक, चांगला झणझणीत, म्हणजे घशाला जळजळ लागते. रम फक्त बोटाला लावून ग्लासच्या कडेवर फिरवायची, वासापुरती. अकरा सफरींत सरांच्या पोटात माझ्या हातची रम चमचाभर गेली नसेल मॅडम. मी रजेवर असलो की कॉनी मॅडम नव्या बारवाल्याला आधी गाठायच्या."

मी तो आवाज तीनदा ऐकला. नंतर ओट्याशी बसून राहिले.

दुसरी कुणी असती तर तिला भरून आलं असतं. मला राग आला. अकरा सफरी, रोज चार ग्लास, आणि नवऱ्याला पत्ता नाही. प्रेशर का सुधारायचं ते कळलं. घरात बाटली का नव्हती ते कळलं. मी त्याला डॉक्टरांची भीती घालत होते, गोळ्यांचा डबा नाकापुढे नाचवत होते, आणि त्याच्या लेखी कटकटी ठरत होते. तिने त्याला न दुखवता जगवला. असं मी केलं नसतं असं नाही, मला सुचलंच नसतं. तेच जास्त झोंबलं.

मी लाइलला काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो फोटो भिंतीएवढा होणार. आणि सांगायचंच तर दुसऱ्या तऱ्हेने सांगावं असंही मनात यायचं. तुझ्या लाडक्या कॉनीने तुला अकरा सफरी चहा पाजला, लेका, आणि तू रम समजून डोळे मिटत होतास. हे वाक्य मी दोन आठवडे जिभेखाली गोळीसारखं चघळलं. फार गोड लागायचं. दोन शनिवार तो रम ओतत राहिला आणि मी मूग गिळून बर्फ आणत राहिले.

संध्याकाळी तो मोजे काढायचा तेव्हा घोट्यांवर मोज्याच्या कडेचे खोल वळ दिसायचे. मला दिसायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

दुसऱ्या शनिवारी ट्रूडी म्हणाली, "कॉनी वरून हसत असेल आपल्याला." ते वाक्य माझ्या ओठांवर आलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात लाइल घंटा वाजवायला उठला, एक पाय भलतीकडे पडला आणि तो फरशीवर बसला. ग्लास फुटला. तोंड राखेसारखं झालं होतं.

दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं. गोळ्या बदलल्या आणि थेंबसुद्धा नको म्हणून बजावलं. मी खुर्चीत बसून त्याच्या सुजलेल्या पायांकडे बघत होते. नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे, अशी म्हण आहे. माझी सवत तर आधीच गेलेली. रंडकी होणार होते ती मीच, आणि तीसुद्धा स्वतःच्या हाताने. मला माझीच लाज वाटली. राग मात्र गेला नव्हता. तो होता तिथेच होता.

घरी आल्यावर लाइल म्हणाला, "या शनिवारी एकच. शेवटचा. मग नाद सोडतो."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"एकाने काय होतंय गं?"

मी वाद घातला नाही. शुक्रवारी आलं किसून साखरेत उकळलं, चहा काळाकुट्ट होईतो मुरवला आणि दोन्ही मिसळून रमच्या एका रिकाम्या बाटलीत भरलं. मग नेहमीसारखी फोटोवरची धूळ पुसली, जरा जोरातच.

शनिवारी भोंगा झाला. मंडळी जमली. मी लाइलला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बारच्या मागे गेले.

"आज तू?" ट्रूडी म्हणाली. "घे, म्हणजे आता शाळेचं दूध मिळणार."

"तुला देतेय कोण," मी म्हटलं.

अननस, संत्रं, नारळ. बाटलीतून धार. बोट खऱ्या रममध्ये बुडवून कडेवरून फिरवलं, पाठ करून, कुणाला दिसणार नाही असं. वर जायफळ. त्याच्या हातात दिलं.

त्याने डोळे मिटले. एक घोट घेतला. दुसरा घेतला आणि गळ्यावर हात ठेवला.

"हेच," तो म्हणाला. "बर्निस, हेच. ही जळजळ. हीच ती." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय घातलंस यात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ते गोड वाक्य जिभेवर तयार होतं. एकदा बोलले असते तर कॉनी त्या भिंतीवरून कायमची खाली आली असती. आणि पुढच्या शनिवारी त्याने दुकानातून खरी रम आणली असती.

"बाटली बदलली," मी म्हटलं. "आणि या बाटलीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दुसरी बाटली या घरात येणार नाही. डॉक्टरांना मी बघून घेईन."

"बघ ट्रूडी," लाइल म्हणाला. "कॉनीला अख्ख्या आयुष्यात हे घरी जमलं नाही. बर्निसने जमवलं."

ट्रूडीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी बघितलं नाही. तीन वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं होतं, सगळ्यांच्या देखत, हवं तसं. आणि ते खोटं आहे हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं. मला, आणि त्या फोटोतल्या बाईला. अख्खी शर्यत तीच जिंकली होती, बक्षीस मात्र माझ्या हातात होतं.

लाइलने माझा हात धरला. आमच्या लग्नातसुद्धा त्याने इतका घट्ट धरला नव्हता.

"ऐक ना," तो म्हणाला. "पुढच्या वसंतात जाऊ या का जहाजावर? आपण दोघं?"

तोंडातून 'नको' निघायच्या आत मी 'हो' म्हटलं. मला जायचंच होतं, तीन वर्षं जायचं होतं. आणि हो म्हणताना हेही ठरवून टाकलं की जहाजावर चढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो झोपेत असतानाच, मी एकटी नवव्या मजल्यावर जाऊन बारवाल्याला गाठणार, कॉनी गाठायची तशी.