मी कागद कापला त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पण कात्री म्हटल्यावर तुमच्या कंपासपेटीतली, प्लॅस्टिकच्या कानांची ती चिमुरडी डोळ्यांसमोर आणू नका. मी कापडाची कात्री. पितळी मुठीची, हाताला वजन लागणारी आणि खरं सांगायचं तर नाकावर माशी बसू न देणारी.

माझा जन्म मेरठचा. मोडीत निघालेल्या एका ट्रकची स्प्रिंगची पट्टी कारागिरांनी भट्टीत तापवली, ठोकली, घासली आणि तिची मी झाले. आपण भंगारातून आलो याचा मला पुष्कळ वर्षं कमीपणा वाटायचा. आता वाटत नाही. का, ते पुढे कळेलच.

कोल्हापुरात मला पूर्णिमावहिनींनी घेतलं. शिवाजी पेठेत त्यांच्या घराची पुढची खोली रस्त्याला लागून आहे. तिथे त्यांनी शिलाई मशीन टाकलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्या घराला माझे नियम सांगून टाकले. कातर रिकामी वाजवायची नाही, घरात भांडणं होतात. कातर हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि मग दुसऱ्याने उचलायची. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे या कातरीने कागद कापायचा नाही. कागदाने धार मरते. कागदासाठी खिळ्याला एक लाल मुठीची कात्री टांगलेली असे. तिला मी पाण्यात बघत असे.

काय दिवस होते ते! सणासुदीला ब्लाउजांचे ढीग, जूनमध्ये शाळेचे गणवेश, आणि फुटबॉलचा हंगाम आला की पेठेतल्या पोरांचे झेंडे. खंडेनवमीला वहिनी मला धुऊन पुसून पाटावर ठेवत, हळदीकुंकू वाहत, झेंडूचं फूल मुठीत अडकवत. त्या दिवशी मला काम नसे. मी नुसती मिरवायची.

वहिनींची एक खोड मात्र जगावेगळी होती. शिवायला आलेल्या प्रत्येक कापडाचा बोटभर तुकडा त्या राखून ठेवत. पुढेमागे कपडा फाटला तर ठिगळ त्याच कापडाचं लागावं म्हणून. आणि नुसता राखून नाही, तर एका घरचे सगळे तुकडे एकाच दोऱ्यात ओवून. अशी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घराची एक माळ. त्या माळा उशीच्या अभ्र्यात भरून मशीनखाली ठेवलेल्या असत. ठिगळ लावायला पुढे फारसं कुणी आलं नाही. घरातले हसत. संयोगिता, म्हणजे वहिनींची लेक, त्याला चिंध्यांची बँक म्हणे. वहिनी ऐकून घेत आणि नवा तुकडा ओवत.

मग तयार कपड्यांची दुकानं वाढली. वहिनींकडे फॉल-पिको आणि कपडे आखूड-ढिले करण्याचं काम उरलं. त्याला एक हलकी, नवी स्टीलची कात्री आली. मला तेलाचा हात लावून, फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं. सुरुवातीला वाटलं, चार दिवसांचा आराम. पण पुढे खंडेनवमी सोडली तर फडक्याच्या आणि ड्रॉवरच्या फटीतून दिसेल, ऐकू येईल तेवढंच जग मला उरलं. काम नसलेल्या पोलादाला काय वाटतं, ते तुम्हाला कसं सांगू? अंगावर गंज चढायच्या आधी तो मनावर चढतो.

यंदा शालूबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. शालूबाई वहिनींच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाईक. त्यांचं गाव पंचगंगेच्या काठावर. त्यांचे मालक बाळासो, लेक सौंदर्या बालवाडीत असतानाच वारले होते. आता सौंदर्याचं लग्न ठरलं होतं. मुलगा शाहूवाडीकडचा. लग्नातला ब्लाउज शिवायचा तो पूर्णिमाकाकींकडेच, असा पोरीचा हट्ट होता.

मापं घेता घेता वहिनींनी सहज म्हटलं की, लग्नात तुझे लहानपणीचे फोटो लावा, हल्ली लावतात. शालूबाईंनी मान खाली घातली. महापुरात माळ्यावरची ट्रंक बुडाली होती. त्यातच फोटोंचा अल्बम होता. पाणी ओसरल्यावर हाताला लागला तो चिखलाचा गोळा. पै-पाव्हण्यांकडे शोधून झालं, पण बाळासोंना फोटो काढून घ्यायची हौस नव्हती आणि तेव्हा मोबाइलही कुणाकडे नव्हते. सौंदर्या टेपमध्ये हात वर करून उभी होती. ती तशीच उभी राहून बोलली.

"काकी, मला बाबांचा चेहरा आठवत न्हाय. फोटो हुता तवर आठवायचा."

वहिनींनी टेप गुंडाळली. त्या दिवशी त्यांनी दुसरं कुठलं काम हातात घेतलं नाही.

दुपारी त्यांनी अभ्रा उलटा केला आणि माळांच्या ढिगातून शालूबाईंच्या घरची माळ काढली. शालूबाईंच्या लग्नातला हिरवा खण, बाळाची कुंची, परकर, शाळेचा गणवेश, सगळं त्या दोऱ्यात होतं. आणि मधोमध निळ्या रेघांचे दोन तुकडे होते. वहिनींनी ते बोटांनी सरळ केले. ते मीच कापले होते, त्यामुळे मला ते लगेच ओळखू आले.

या तुकड्यांची चित्रवही करून पोरीला लग्नाची भेट द्यायची, असं त्यांनी ठरवलं. संयोगिता लगेच मोबाइलवर अशा वह्यांचं सामान शोधू लागली. नक्षीचे कागद, चिकटपट्ट्या, कागदी फुलं, सगळं घरपोच येत होतं. वहिनी म्हणाल्या, "घरात काय कमी हाय? आधी हाय ते बघू की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो कसा टाळायचा, हे त्या बाईकडून शिकावं. साड्यांच्या खोक्यांतले पुठ्ठे निघाले. जपून ठेवलेल्या लग्नपत्रिकांचा जाड सोनेरी कागद निघाला. जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ, उरलेली लेस, जोडी हरवलेली बटणं, जरीचे काठ. गॅसवर मैद्याची खळ शिजली. मापाच्या खडूने वहिनींनी पानं आखली. संयोगिता आधी नाक मुरडत होती, पण बघता बघता तीही मांडी घालून बसली. कुंचीच्या तुकड्याला तिने पत्रिकेतल्या सोनेरी कागदाची झालर लावली, तेव्हा आईने तिच्या पाठीवर थाप मारली.

पण अडलं ते पुठ्ठ्यापाशी. कापड डकवलेला पुठ्ठा कापताना लाल मुठीची ती कात्री चावू लागली, कापेना. नवी स्टीलची तर वाकलीच. वहिनी ड्रॉवरपाशी आल्या आणि त्यांनी मला बाहेर काढलं. मला आनंद झाला आणि पुढच्याच क्षणी समोरचा पुठ्ठा दिसला. मित्रांनो, मी थिजले. एवढी वर्षं जपलेली धार! आणि तीही कुणी घालवायची, तर ज्यांनी नियम केला त्यांनीच.

संयोगिता म्हणाली, "आई, कागद हाय त्यो."

वहिनींनी मला कपाळाला लावलं. "कळतंय मला," त्या म्हणाल्या. "बाई, एवढं एक डाव ऐक माझं."

मी ऐकलं. पुठ्ठा करकरत होता, धार बोथट होत होती, प्रत्येक पानागणिक मला ते जाणवत होतं. पण कडा सरळ आली पाहिजे, एवढंच मी डोक्यात ठेवलं. सरळ आली. मग वहिनींनी पानं मशीनवर घातली आणि चक्क शिवली. वहीला बांधणीही त्यांनी शिलाईचीच केली.

ब्लाउज न्यायला सौंदर्या एकटीच आली. वहिनींनी वही तिच्या मांडीवर ठेवली. पहिली पानं ती हसत उलटत गेली, "ही माझी कुंची व्हय?" असं विचारत. निळ्या रेघांच्या पानावर मात्र थांबली. त्या पानावर दोन तुकडे होते, एक मोठा आणि एक लहान, दोन्ही एकाच कापडाचे.

वहिनींनी तिला सांगितलं. बाळासो यात्रेसाठी शर्ट शिवायला आले होते. कापड थोडं जास्त भरलं, तेव्हा उरलेल्यात पोरीचा झगा बसेल का, असं त्यांनी विचारलं. पुरुषाच्या शर्टाच्या कापडाचा पोरीला झगा कशाला, म्हणून वहिनींनी त्यांची चेष्टा केली. त्यावर ते काय बोलले, ते वहिनींना शब्दन् शब्द आठवत होतं.

"वैनी, ह्यातलंच हिला बी शिवा की. जोतिबाच्या गर्दीत हरवली, तर लोक कापड बघूनच माझ्याकडं आणून सोडतील."

सौंदर्याने दोन्ही तुकड्यांवर तळहात ठेवला. ती रडली, वहिनीही रडल्या. बाळासोंचा चेहरा काही त्या पानात नव्हता, आणि तो कुणीच आणून देऊ शकत नव्हतं. थोड्या वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, यातला बारकासा तुकडा ब्लाउजच्या आत, अस्तराला लावता येईल का?

वहिनींनी मला उचललं आणि पुन्हा ठेवलं. जुनं, विरलेलं कापड बोथट कात्रीने ओढलं जातं, उसवतं. त्या मला घेऊन तडक कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे गेल्या. माझं पातं बघून तो म्हणाला की, वैनी, कापडाच्या कातरीनं पुठ्ठा कापला, आणि तुम्ही? वहिनींनी नुसतं चाकाकडे बोट दाखवलं. चाकावर ठिणग्या उडाल्या, माझं अंग थोडं झिजलं आणि धार परत आली.

वहिनींनी पानावरून अलगद सोडवलेला मोठ्या तुकड्याचा कोपरा मी एका घासात कापला. एक धागासुद्धा सुटला नाही. माझ्या आयुष्यात मी एवढं लहान आणि एवढं चांगलं काही कापलेलं नाही.

आता मी पुन्हा मशीनवर असते, ड्रॉवरमध्ये नाही. मित्रांनो, कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, हे तर मी सांगणारच. पण नवं काही मागवण्याआधी घरातलं गाठोडं एकदा सोडून बघा. टाकाऊ म्हणून बाजूला सारलेल्या वस्तूत कुणाचं काय जपलेलं असेल, सांगता येत नाही. मी स्वतः भंगारातून आले आहे, म्हणून हे ठामपणे बोलते. आणि ज्यांच्याकडून काम घेता, त्या हत्यारांना तेल द्या, धार द्या, काम द्या.

त्या दिवशी वहिनींनी तो तुकडा ब्लाउजच्या आत, काळजाच्या बाजूला टाके घालून बसवला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. सौंदर्याने त्यावरून बोट फिरवलं आणि ब्लाउज घडी करून पिशवीत ठेवला.

"लग्नात गर्दी लई असती, काकी," ती म्हणाली. "हरवाय नगो."