संकेतसिद्ध महाराजांचा धावता आकडा

करमाडच्या मंगल कार्यालयात त्या दुपारी लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा-नवरीच्या खुर्च्या जिथं मांडतात तिथं एक भलामोठा टीव्ही ठेवला होता. टीव्हीला झेंडूचा हार होता, पुढं नारळ आणि उदबत्त्या होत्या, आणि शेजारी वाघाच्या कातड्याची छपाई असलेल्या चादरीवर संकेतसिद्ध बिभीषण महाराज बसले होते. मुहूर्ताचं मिनिट गाठताच महाराजांनी मूठभर भंडारा पडद्यावर उधळला आणि मोतीरामशेठच्या हार्डवेअर दुकानाच्या वेबसाइटवर, खालच्या कोपऱ्यात, एक लाल आकडा उमटून धावायला लागला. एक, दोन, पाच, नऊ. बायकांनी हात जोडले, कुणीतरी शिट्टी मारली.

"हा आकडा नव्हे माउली, ही पावलं आहेत पावलं!" महाराज माईक तोंडात घातल्यासारखा धरून गरजले. "तुमच्या दुकानाच्या उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं! इंटरनेट म्हणजे काय? आकाशतत्त्व! सर्व्हर म्हणजे काय? शेषनाग, ज्याच्या फण्यावर सगळं जग तोललंय! आणि हे तीन डब्ल्यू कोण? ब्रह्मा, विष्णू, महेश! शहरातली पोरं वेबसाइट बनवतात, आम्ही तिच्यात प्राण फुंकतो. म्हणा, डब्ल्यू, डब्ल्यू, डब्ल्यू!"

"डब्लू, डब्लू, डब्लू!" मंडप दुमदुमला. ज्यांच्या विहिरी दिवाळीआधीच आटल्या होत्या, ज्यांच्या दारात टँकर आठवड्यातून एकदा येत होता, ती माणसंसुद्धा घसा फोडून ओरडत होती. दोन हजार अठराचं साल होतं. पाऊस तोंड दाखवून पळाला होता. शहर शेंद्र्यापर्यंत पसरत आलं होतं आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानदाराला वाटत होतं, की शहराचा पैसा आपल्या दारावरून पुढं चाललाय आणि त्याला हाक मारायची कशी तेवढं आपल्याला येत नाही. महाराजांनी नेमकी ती नस धरली होती.

मागच्या भिंतीला टेकून अमृताबाई उभ्या होत्या. शेंद्र्याच्या शाळेत त्या कॉम्प्युटर शिकवत. त्यांचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं, तिसऱ्या रांगेत फेटा बांधून बसलेल्या सोनाजीकडे होतं. सोनाजी मान हलवत होता आणि अमृताबाईंचा जीव तिळतिळ तुटत होता.

सोनाजी मेंढरं राखायचा आणि घोंगड्या विणायचा. त्याची बायको बानाबाई लोकर कातायची. घोंगडी अशी, की अंगावर घेतली तर पोहऱ्यातलं पाणी ओतलं तरी आत उतरायचं नाही. पण बाजारात चकचकीत ब्लँकेटांचे ढीग आले आणि घोंगडी मागं पडली. म्हणून पोळ्याच्या सुमारास अमृताबाईंनी स्वतःच त्या दोघांचं एक साधं पान इंटरनेटवर टाकून दिलं होतं. बानाबाईचा सूत काततानाचा फोटो, घोंगड्यांची मापं, गावाचा पत्ता आणि सोनाजीचा फोन नंबर. "मामा, पान म्हणजे नुसती पाटी," त्यांनी समजावलं होतं. "पाटी वाचून माणूस विचारेल, त्याला नीट उत्तर द्यायचं. धंदा त्या उत्तरात आहे." सोनाजीनं आठवडाभर वाट बघितली. फोन काही वाजला नाही. तेवढ्यात महाराजांच्या नादी लागलेला मोतीरामशेठ त्याला म्हणाला, "आकडा न्हाई त्या साइटवर? मग ती मेलेली हाय रे. महाराजांकडं चल."

महाराजांनी त्याला नवीन साइट दिली, लाल आकड्यासकट. आणि एक नेम सांगितला, तो मात्र फार हुशारीनं. गप्पा मारता मारता त्यांनी सोनाजीकडूनच काढून घेतलं होतं, की त्याच्या घरात संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरत असताना कुणी बोलत नाही, कुणी मोजत नाही. आवाज झाला की कळप बिचकतो आणि मोजलं की नजर लागते. झालं. महाराज म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणजे कळपच, सोनाजी. तो आत शिरतोय, दिसतोय ना आकडा? मग सव्वा महिना आवाज द्यायचा नाही. फोन वाजला तरी उचलायचा नाही. कोण आलं, कुठून आलं, विचारायचं नाही. भरू दे वाडा."

दुसऱ्या कुणाला हे पटलं नसतं. सोनाजीला पटलं, कारण त्याचा सगळा जन्म त्याच शहाणपणावर गेला होता. नेम संपत आला तेव्हा महाराजांनी पुढची पायरी दाखवली, महासंकल्प. तो केला की आकड्यातली माणसं प्रत्यक्ष दारात उतरणार. त्यासाठी सोनाजीनं, चाऱ्यालाही पैसे नव्हतेच म्हणून, दुष्काळातून उरलेली मेंढरं व्यापाऱ्याला विकायची ठरवून टाकली. किमतीचा मोठा वाटा इसार म्हणून आगाऊ घेतला आणि तो तसाच महाराजांच्या पायावर ठेवला.

अमृताबाईंना हे समजलं ते कार्यालयातल्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. त्या धावत वाड्यावर गेल्या होत्या.

"मामा, मेंढरं गेली तर लोकर कुठली? घोंगडी कशाची विणणार?"

"बाई, आकडा बघा की. लई मान्सं जमल्यात. मेंढरं परत घेता येतील."

"त्यातलं एक माणूस दाखवा मला. एकाचं नाव सांगा."

"तेच इचारायचं नसतंय," सोनाजी समजुतीनं म्हणाला, लहान पोराला सांगावं तसं.

बानाबाई चरख्याशी बसली होती. तिनं चरखा थांबवला आणि अमृताबाईंकडे बघितलं. त्या बघण्यानंच अमृताबाई दुपारी कार्यालयात आल्या होत्या. पुरावा डोळ्यांसमोर ठेवला की माणूस मानतो, असं त्यांना अजून वाटत होतं.

महाराजांनी दम घ्यायला माईक खाली ठेवला, तशा त्या पुढं झाल्या. वाटेत सोनाजीपाशी थांबून म्हणाल्या, "मामा, तुमचा फोन द्या बरं जरा, तुमची साइट उघडून." त्यानं बिनदिक्कत दिला. आकडा दाखवायला त्याला आवडायचंच.

"महाराज, एक विचारू?"

"विचारा ना बाई, विचारल्यानंच तर ज्ञान वाढतं."

"हा आकडा जगभरच्या गिऱ्हाइकांचा?"

"जगभरच्या! आत्ता एक दुबईहून शिरतोय, मला दिसतोय."

"इंटरनेटवरून?"

"नाही, बैलगाडीतून!" महाराजांनी डोळा मारला आणि मंडप खो खो हसला.

अमृताबाईही हसल्या. "म्हणजे या फोनचं इंटरनेट बंद केलं, तर नवं कोण आलं ते या फोनला कळायला नको. हे बघा, मी विमानाचं चिन्ह दाबलं. मोतीरामशेठ, लावा मामांना फोन."

मोतीरामनं लावला. लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

"आता आकडा बघा."

पुढच्या रांगेतल्या चार-सहा जणांनी माना पुढं काढल्या. रेंज नव्हती, इंटरनेट नव्हतं, आणि लाल आकडा मजेत धावत होता.

"हा आत्ता शिरला तो कुठून आला, महाराज?"

"श्रद्धेला रेंज लागत नाही, बाई!" महाराज तयारीचे होते. दोन-तीन टाळ्याही पडल्या.

"बरं. मग मी पुढच्या वर्षीची दिवाळी आणते." अमृताबाईंनी फोनची तारीख बदलून पुन्हा साइट दाखवली. आकडा एका झटक्यात लाखांत गेला. "बघा, पुढच्या दिवाळीपर्यंत जे गिऱ्हाईक यायचं, ते आजच येऊन गेलं. आता गेल्या वर्षीची दिवाळी." आकड्यापुढं वजाचं चिन्ह आलं. "आणि गेल्या वर्षी तर गिऱ्हाईक यायच्या आधीच परत गेलं होतं!"

आता हसणं महाराजांच्या बाजूचं नव्हतं. अमृताबाईंनी फोन उंच धरला आणि वर्गात सांगतात तसं सावकाश सांगितलं. "यात देव नाही, भूत नाही, गिऱ्हाईक तर मुळीच नाही. पानावर दोन ओळी लिहून ठेवल्यात, की अमक्या तारखेच्या अमक्या मिनिटापासून घड्याळ जसं पुढं जाईल तसा आकडा वाढव. माणूस येवो न येवो. म्हणून तर मिनिटाचा मुहूर्त लागतो. महाराज भंडारा टाकतात तेव्हा आकडा सुरू होत नाही. आकडा सुरू व्हायची वेळ झाली की महाराज भंडारा टाकतात. तुम्ही सगळे इथं बसून घड्याळाच्या पाया पडताय."

 मग मोतीराम उठला. सगळ्यात जास्त हसं त्याचं होणार होतं. "बाई, तुमच्यात देव मानत न्हाईत, म्हणून तुम्हाला असं सुचतंय."

ते वाक्य अमृताबाईंना नवीन नव्हतं. बुद्धवाड्यातून शाळेत जायला लागल्यापासून त्यांनी ते वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं होतं, आणि दर वेळी ते लागायचं तसं आजही लागलं. "मोतीरामशेठ, मी देवाबद्दल चकार शब्द बोलले नाही. मी घड्याळाबद्दल बोलतेय. तुमच्या फोनवर करून बघा, तुमचं घड्याळ कुणाच्याच जातीचं नाही."

एकानं केलं, दुसऱ्यानं केलं, आणि मग सगळ्या मंडपानं आपापली दिवाळी पुढंमागं ढकलून पाहिली. गलका उडाला. तोवर महाराज 'अपवित्र लहरी' असं काहीतरी पुटपुटत मागच्या दारानं गाडीत बसले होते. गाडी जालन्याच्या अंगाला गेली. कुणी अडवली नाही. एका म्हातारीनं टीव्हीपुढचा नारळ उचलून पदरात घातला, तिच्या मते तेवढाच नफा.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. तसं होत नाही.

गर्दी पांगताना मोतीराम अमृताबाईंजवळ आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "माझ्या साइटवरचा आकडा काढायचं मनावर घेऊ नका. खोटा का असंना, बघणाऱ्याला बरं वाटतंय." आणि तो आपल्या फुगवलेल्या आकड्याच्या दुकानाकडे निघून गेला. बाहेर पानटपरीवर एकजण दुसऱ्याला सांगत होता, की आकडा खरा होता, बाईंनी हात लावला म्हणून बिघडला.

सोनाजी कार्यालयाच्या पायरीवर बसून होता. फेटा मांडीवर काढून ठेवला होता.

"म्हंजी माझ्याकडं कुणीच आलं न्हाई का, बाई?"

"तसं कसं म्हणू मामा? आकडा खोटा. पण आपलं ते साधं पान अजून तिथंच आहे." बोलता बोलता त्यांनी विमानाचं चिन्ह काढलं, तारीख पूर्ववत केली आणि त्याच्या फोनवरचे न उचललेले फोन बघितले. बहुतेक ओळखीचे, गावातले. पण एक नंबर पुन:पुन्हा आला होता, वेगवेगळ्या दिवशी. त्यांनी तो लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडे एक बाई होती, पुण्याची. "घोंगडीवाले का? अहो काका, किती फोन केले तुम्हाला! आमच्या मुलींच्या वसतिगृहाला थंडीसाठी हव्या होत्या. तुमचं पान वाचलं, त्या मावशींचा सूत काततानाचा फोटो फार आवडला सगळ्यांना. होता तेवढा सगळा माल घेणार होतो, निम्मे पैसे आधी पाठवणार होतो. तुम्ही उचलेचनात. मग काय, मशीनची ब्लँकेटं घेतली."

"आता... आता न्हाई का घेता येणार?"

"आता कसं काका? झाली खरेदी. पुढच्या वर्षी नक्की बघू हं."

फोन ठेवल्यावर सोनाजी रस्त्याकडे बघू लागला. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या बसगाड्या कामगार घेऊन परतत होत्या. "निम्मं आधी," तो म्हणाला. "निम्म्यात कडबा आला असता. मिरगाच्या पावसापतुर जगली असती मेंढरं."

 अमृताबाईंचं सगळं खरं ठरलं होतं आणि त्या खरेपणाची त्यांना लाज वाटत होती.

सकाळी व्यापाऱ्याची गाडी आली. व्यापारी वाईट नव्हता. इसार परत दिलात तर सौदा मोडतो, म्हणाला. पण इसार जालन्याच्या अंगाला गेला होता. सोनाजीनं एकेक मेंढी स्वतः उचलून गाडीत चढवली, परक्याला हात लावू दिला नाही. एक गाभण होती, तिला त्यानं शेवटी ठेवलं आणि मग तिलाही चढवलं. बानाबाई दारात उभी होती. अमृताबाईंना बघून ती पहिल्यांदाच बोलली.

"फोन वाजायचा बाई. मी म्हनायची, उचला. हे म्हनायचे, गप, बिचकंल." तिनं पदर तोंडाला लावला. "मला उचलायला येत व्हतं हो. निस्तं हिरवं बटन दाबायचं व्हतं."

गाडी गेली. धूळ खाली बसली. सोनाजी रिकाम्या वाड्याचं काटेरी फाटक लावू लागला, मग लावायचं कशाला म्हणून तसंच सोडून आला.

"बाई, एक काम करा. त्या पानावरून माझा नंबर काढा."

"राहू द्या ना मामा. पुढच्या वर्षी त्या पुण्याच्या बाई..."

"तेच म्हंतो. फोन आला तर काय सांगू तिला?"

अमृताबाईंनी तिथंच उभ्या उभ्या नंबर काढला, पत्ता काढला, बानाबाईचा फोटो उडवला. पान पुसायला अगदी थोडा वेळ लागला.

बिभीषण महाराज आजही कुठल्या तरी गावात टीव्हीला हार घालत असतील. त्यांना शोधत फिरण्यात अर्थ नाही, एक गेला की दुसरा उगवतो. आपल्या हातात आहे ते एवढंच: तुमच्या ओळखीच्या शहाणपणाचं कातडं पांघरून कुणी सांगायला आला, की विचारू नका, मोजू नका, बोलू नका, तर त्याच क्षणी विचारा, मोजा, बोला. कोण आलं? कुठून आलं? मला दाखवा. खरं असेल त्याला या प्रश्नांनी काही होत नाही. प्रश्न उशिरा विचारला तरी खरं उत्तर मिळतंच, सोनाजीलाही मिळालं. फक्त त्या उत्तराचं करायचं काय, हे त्याला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. म्हणून म्हणतो, पहिल्याच दिवशी विचारा.