बोल लागू नये म्हणून

बेटाच्या दक्षिण टोकाला, सुरिनाम गावाजवळच्या स्वेटरांच्या कारखान्यात सत्यदेव जोडणीच्या खात्यावर सेफ होता. मुकादमाला तिथे सगळे सेफच म्हणत. १९८४ साल होतं, परदेशातून मागणी जोरात होती आणि हाताखाली बायका सगळ्या जातीधर्मांच्या होत्या. मराठी घरातली मात्र एकटी विद्यावती. त्याच्याच वस्तीतल्या लक्ष्मणची ही मुलगी, त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली.

सेफ झाल्या दिवसापासून सत्यदेवला एकच भीती होती. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असा बोल लागला तर? म्हणून जादा वेळ कोण थांबणार असा प्रश्न आला की तो आधी विद्यावतीचं नाव घेई. गणपतीच्या आदल्या दिवशी तिने दुपारनंतर सुटी मागितली, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने नाही म्हटलं. तिच्या घरच्या मातीच्या गणपतीचे डोळे दरवर्षी ती रंगवी. त्या वर्षी ते लक्ष्मणने जमतील तसे रंगवले. सत्यदेवही त्या दिवशी तिच्याबरोबर थांबला होता. दोघे एकाच बसने घरी आले, ती पुढच्या बाकावर, तो मागच्या.

पुढे साहेबांनी दुय्यम सेफ नेमायचं ठरवलं आणि सत्यदेवकडे नाव मागितलं. ते नाव कुणाचं, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचा धागा अडला, कुणाचं घरी बिनसलं, की बायका विद्यावतीकडेच जात. जेवणाच्या सुटीत लोकरीच्या गाठोड्यांमागे उभा राहून सत्यदेवने ते नाव पुन्हापुन्हा घोकलं. साहेबांपुढे तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते खात्यातल्याच रीताचं नाव.

संध्याकाळी रीताच त्याला फाटकापाशी गाठून म्हणाली, "सेफ, मला कशाला घातलंत यात? आम्ही विद्याचं नाव धरून केक सांगून ठेवला होता."

"लोक म्हणाले असते, आपल्या वस्तीतली म्हणून..."

"कोण लोक? लोक म्हणजे आम्हीच ना?" तिने त्याला नीट न्याहाळलं. "आम्हाला वाटायचं, तुमचं तिच्या घराशी जमिनीवरून भांडण आहे. इतकं तर कुणी वैऱ्यालाही राबवत नाही."

दुसऱ्या दिवशी तो नाव बदलून घ्यायला गेला. साहेब हसले आणि म्हणाले की, रोज मन बदलणारा सेफ कारखान्याच्या काय कामाचा? आठवडा सरला आणि विद्यावतीने काम सोडलं.

रविवारी तो तिच्या घरी गेला. लक्ष्मणने खुर्ची पुढे केली, विद्यावतीच्या आईने, अनुसयावहिनींनी, चहा आणला, कुणी एका शब्दाने टोचलं नाही. त्यामुळेच त्याला बोलणं जड गेलं. चुकलो म्हणाला. दुसऱ्या खात्यात जागा बघतो म्हणाला. विद्यावतीने दाराशी उभं राहून सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही मला परकी मानलं असतं तर मी भांडले असते," ती म्हणाली. "पण तुम्ही मला आपली मानलंत. आपलं माणूस सोसेल, असं धरून चाललात. मग मी भांडायचं कुणाशी?"

चहा त्याने कसाबसा संपवला.

सोमवारी तिच्या जागी शेजारच्या सूयाक गावची एक मुलगी आली. नाव चंद्रावती, घर मराठी. तिला कोणतं काम द्यायचं, असं रीताने विचारलं. खात्यातली यंत्रं चालूच होती, पण साऱ्या नजरा आपल्यावर आहेत असं त्याला वाटलं. सोपं काम द्यावं, तर ते विद्यावतीची भरपाई म्हणून होईल. अवघड द्यावं, तर पुन्हा तेच. सरळ मनाचा माणूस काय म्हणेल, हे तो आत शोधत राहिला. आत तसं कुणी सापडेना.

शेवटी रीताने चंद्रावतीचा हात धरला आणि तिला स्वतःच यंत्रांकडे घेऊन गेली.