कडेपुरती लोकर

संदेश आला तेव्हा अट्रॅक्टा हार्किनच्या दोन्ही हातांत सुया होत्या, म्हणून फोन तिच्या नणंदेनं उचलला. आयर्लंडच्या डोनेगल भागातल्या राफो गावी, चर्चमागच्या सभागृहात दर मंगळवारी दुपारी गावातल्या बायका विणायला जमतात. ही नणंद, डिम्फ्ना, स्वतः विणत नाही. ती चहा करते आणि बोलते.

"तुमचे पार्सल थांबवण्यात आले आहे," तिनं मोठ्यानं वाचलं. "आयात कर भरल्याशिवाय ते पुढे पाठवले जाणार नाही. खाली दिलेल्या ठिकाणी बोट..." ती थांबली. "अट्रॅक्टा, हात लावू नकोस याला!"

"हात तूच लावला आहेस."

"हेच ते. अगदी हेच. मागच्या वर्षी मला आला होता, त्याचा हा सख्खा भाऊ."

डिम्फ्नाची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. असाच संदेश आला, तिनं बोट लावलं, कार्डाचा नंबर दिला आणि संध्याकाळपर्यंत खातं धुऊन निघालं. तिनं तेव्हा काही मागवलेलंही नव्हतं.

"म्हटलं, कुणी भेट पाठवली असेल," ती आजही सांगते.

"तुला कोण भेट पाठवणार?" खिडकीपाशी बसलेली म्हातारी बाई दरवेळी विचारते, आणि दरवेळी सगळ्या हसतात.

अट्रॅक्टा हसली नाही. "पण मी खरंच मागवलंय, डिम्फ्ना. इंग्लंडच्या हिलरीकडून लोकरीची एक लड."

"म्हणून तर! ज्यांनी मागवलंय त्यांनाच हे गाठतात. ब्रेक्झिट झाल्यापासून अर्धा देश पार्सलाची वाट बघत बसलाय. चोरांना आयतं कुरण. खरा कर असेल तर पोस्टमन दारात येऊन मागेल की."

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. अट्रॅक्टाच्या जावयानंही बजावून ठेवलं होतं, फोनवर पैसे मागणाऱ्या कुणालाही उत्तर द्यायचं नाही. तिनं सुया खाली ठेवल्या, फोन घेतला आणि संदेश पुसून टाकला. पुसल्यावर लगेच बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

ती लड साध्या कामाची नव्हती. अट्रॅक्टाची मुलगी ब्रोना आठव्या महिन्यात होती आणि तिच्या बाळाची शाल जवळजवळ विणून झाली होती. फक्त कड राहिली होती, आणि ती अट्रॅक्टानं मुद्दाम ठेवली होती. या भागात बाळ जन्मायच्या आधी पाळणागाडी घरात आणत नाहीत, अपशकुन मानतात. पैसे देतात, पण गाडी दुकानातच ठेवतात. ब्रोनाच्या पहिल्या खेपेला अट्रॅक्टानं हा नियम मनावर घेतला नव्हता. शाल कडेसकट तयार होती, धुऊन, घडी घालून. ती पोर सातव्या महिन्यात पोटातच गेली.

त्यामुळे या खेपेला बाळ येईपर्यंत कड विणायची नाही, एवढंच नाही, कडेची लोकरसुद्धा घरात ठेवायची नाही, असं तिनं ठरवलं. यॉर्कशायरमध्ये हिलरी पिकर्सगिल नावाची बाई घरच्या मोरीत पातेल्यात लोकर रंगवते. ताकाचा रंग तिच्यासारखा कुणाला साधत नाही. पण हातानं रंगवलेल्या लोकरीचा प्रत्येक घाणा वेगळा उतरतो. एक पिवळसर झाक मारतो, एक निळसर, आणि शालीत दोन घाणे शेजारी आले की आंधळ्यालाही दिसतं. अट्रॅक्टानं हिलरीला त्याच घाण्यातली एक लड बाजूला ठेवायला सांगितली होती. वेळ आली की मागवीन, म्हणाली होती. पूर्वी सोमवारी यॉर्कशायरहून निघालेली लड त्याच आठवड्यात डोनेगलात दारात असायची. अट्रॅक्टाच्या डोक्यात अजून तेच टपाल होतं.

शेवटी हिलरीचाच फोन आला होता. "आता तसं राहिलं नाही हो. सीमाशुल्काचे कागद, तपासणी, कर. मागवायची तर आत्ताच मागवा. नंतर माझ्या हातात काही नाही."

अट्रॅक्टानं जीव मुठीत धरून मागवली. लडीपेक्षा टपालखर्च जास्त पडला.

"डोनेगलात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त," डिम्फ्ना तेव्हा म्हणाली होती, "आणि आमची वहिनी लोकर मागवते इंग्लंडहून."

"आपली टोचते. बाळाच्या अंगाला चालत नाही."

"मग स्ट्रबेनच्या दुकानाच्या पत्त्यावर मागव. नदीपलीकडे ब्रिटिशांचं राज्य, तिथं कर नाही. सगळं गाव तसंच करतं. मी जाऊन पिशवीत घालून आणते, वर कांदे ठेवते."

"बाळाच्या शालीला चोरटी लोकर नको."

"बरं. मग भर लोकरीवर कर, टपालखर्चावर कर, आणि कर गोळा करायचे कष्ट घेतले म्हणून पोस्टाला वेगळे. चोरानं घर धुवायचं आणि जाताना गाडीभाडंही आपल्याकडूनच न्यायचं."

संदेश पुसला त्याच आठवड्यात ब्रोनाला कळा सुरू झाल्या. महिनाभर आधी. लेटरकेनीच्या इस्पितळात मुलगी झाली, जेमतेम वजनाची, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आईबापाशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. अट्रॅक्टानं नात पाहिली ती जावयाच्या फोनवर. नाकात नळी, डोक्यावर इस्पितळाची टोपी.

घरी शाल लांब सुईवर तशीच पडून होती, सगळे टाके उघडे. सुई सरकली तर सगळं ओघळेल अशी. अट्रॅक्टानं तिच्या दोन्ही टोकांना बुचं लावली. मग येता-जाता ती बुचं घट्ट आहेत ना बघू लागली. लोकर मागवली आणि पोर घाईनं आली, हे तिच्या डोक्यातून जाईना. ती मूर्ख नव्हती. असं काही नसतं हे तिला कळत होतं. तरी रोज पोस्टमनची गाडी फाटकावरून पुढे गेली की ती पुन्हा बुचं दाबून बघायची.

मग दुसरा संदेश आला. शेवटची सूचना, असं त्यात होतं.

या वेळी तिनं पुसला नाही. उत्तरही दिलं नाही. एक दिवस फोन ओट्यावर पालथा ठेवला. खरा असेल तर लोकर जाईल, खोटा असेल तर खातं जाईल. नवरा यूनन मेंढरांकडून आला की विचारू, असं म्हणाली. यूनन आला, संदेश लांब धरून वाचला आणि म्हणाला, "मला विचारशील तर दोन्ही बाजूंचे लबाडच." आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हिलरीला फोन लावला. हिलरीनं पार्सलाचा नंबर घालून पाहिलं.

"कर थकला म्हणून अडकलं होतं," ती म्हणाली. "आता लिहिलंय, प्रेषकाकडे परत."

"म्हणजे तो संदेश खरा होता?"

"पहिलाही आणि दुसराही, हो."

अट्रॅक्टा तशीच घरातल्या कपड्यांवर पोस्टात गेली. खिडकीमागच्या डेक्लनला ती शाळेत असल्यापासून ओळखत होती, म्हणजे तो शाळेत असल्यापासून.

"पैसे घेऊन आलेय मी. काय असतील ते घे."

डेक्लननं पडद्यावर पाहिलं. "मिसेस हार्किन, घेऊन काय करू? एकदा परतीचा शिक्का पडला की ते उलटं फिरत नाही."

"कुठं आहे ते आत्ता? मी जाऊन आणते."

"गाडीत असेल, नाहीतर बोटीत. मलाही नाही सांगता येत." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "लोक घाबरतात हो. पहिल्यांदा सगळेच पुसून टाकतात. खोटे इतके येतात की खऱ्याला कुणी दारात उभं करत नाही."

हिलरीकडे त्या घाण्यातली दुसरी लड नव्हती. ती एकच, आणि ती आता समुद्रावर.

त्याच दुपारी ब्रोनाचा फोन आला. मुलगी नळीशिवाय दूध प्यायला लागली होती. परवा घरी सोडतो, म्हणाले होते.

"आई? ऐकतेयस ना? परवा!"

"ऐकतेय गं."

"शाल झाली?"

डिम्फ्ना समोर बसली होती. ब्रोनाचा आवाज तिलाही ऐकू आला, आणि तिनं कपातल्या चहात पाहिलं. मघाशीच ती म्हणाली होती, "माझ्यामुळे झालं. मी लेटरकेनीला जाते, मिळेल ती पांढरी लोकर आणते." आणि अट्रॅक्टानं सांगितलं होतं, पांढरी चालणार नाही. काय चालेल, तेही तिला ठाऊक होतं. सकाळपासून ठाऊक होतं.

"ब्रोना, एक विचारायचंय. कडेची लोकर परत गेली. माझ्या भित्रेपणानं. आता... पहिलीची कड काढून लावू का?"

पलीकडून इस्पितळातली यंत्रं टिकटिकताना ऐकू आली.

"कुठली पहिली?" ब्रोनानं विचारलं. तिला कळलं होतं.

अट्रॅक्टानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं तू ती देऊन टाकलीस."

"नाही."

"कुठं आहे?"

"माझ्या कपाटात. उशीच्या अभ्र्यात."

"एवढी वर्षं?"

"हो."

ब्रोनानं नाक ओढलं. मग तिथं कुणाशी तरी दोन शब्द बोलली, आणि परत आली. "कडच काढ. बाकी उसवायची नाही. ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि तिची नंतर पुरी कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीची भांडी उचलल्यावर अट्रॅक्टानं अभ्रा उघडला. दोन्ही शाली खिडकीशी शेजारी धरल्या. तीच बाई, तेच नाव, ताकाचाच रंग, पण घाणा वेगळा. जुनी पिवळसर होती.

"काही फरक नाही," डिम्फ्ना म्हणाली.

"तू चहा कर."

कडेचं शेवटचं टोक सापडायला वेळ लागला. तिनं ते इतकं नीट खुपसलं होतं. एकदा सुटल्यावर मात्र धागा भराभर येऊ लागला, कुरळा, वळणं धरलेला. डिम्फ्नानं दोन हात पुढे धरले आणि त्यांच्याभोवती अट्रॅक्टा तो गुंडाळत गेली. कड संपली तिथं जुन्या शालीचे टाके उघडे पडले. अट्रॅक्टानं ते एकेक करून सुती दोऱ्यात ओवून घेतले, एकही सुटू दिला नाही. मग लड किटलीच्या वाफेवर धरली. हळूहळू धाग्याची वळणं गेली.

यानंतर तिनं नवी शाल घेतली, सुई काढली आणि झालेल्या ओळी उसवायला लागली.

"अगं ए! उद्या पोर येतेय आणि तू झालेलं उसवतेस?"

"जुना रंग एकदम लावला तर पट्टा दिसेल. नव्याची एक ओळ, जुन्याची एक ओळ, असं थोडं विणत गेलं की डोळ्याला कळत नाही कुठं बदललं. त्यासाठी नवी लोकर हवी. ती इथंच आहे." तिनं शालीवर बोट ठेवलं.

"आणि पुरलं नाही तर?"

"तर नाही पुरलं."

डिम्फ्नानं उसवलेला धागा हातावर घेतला. पहिली ओळ अट्रॅक्टाला दोनदा करावी लागली. एक नवी, एक जुनी. दुपारी यूनन डोकावला, जेवण मिळणार नाही हे त्याला दिसलं, आणि त्यानं स्वतः अंडी उकडली. एक जुनी, एक नवी. मग नवी संपली आणि पुढं नुसती जुनी राहिली. शेवटचा टाका बंद झाला तेव्हा हातात बोटभर धागा उरला होता.

मुलगी घरी आली तेव्हा शालीची कड धुऊन ताणल्यामुळे अजून दमट होती, म्हणून ब्रोनानं ती बाळाच्या अंगापासून जरा दूर, बाहेरच्या बाजूला दुमडली. ब्रोना बाळाला घेऊन उंबरा ओलांडेपर्यंत अट्रॅक्टा फाटकाशीच उभी राहिली. आत गेल्यावर तिनं बाळाला घेतलं नाही. आधी खुर्चीवर बसली.

हिलरीनं परत आलेली लड पुन्हा पाठवली. टपालखर्च पुन्हा भरावा लागला. काही आठवड्यांनी मंगळवारी दुपारी सभागृहात फोन वाजला. पार्सल थांबवण्यात आले आहे.

सगळ्या जणींनी डिम्फ्नाकडे पाहिलं.

"मी काही बोललेय का?" डिम्फ्ना म्हणाली. "चहा हवाय का कुणाला?"

अट्रॅक्टानं संदेशाला बोट लावलं नाही. अजूनही तिचा धीर होत नव्हता. ती फोन घेऊन पोस्टात गेली आणि खिडकीतून आत सरकवला. डेक्लननं नंबर ताडून पाहिला. खरा होता. त्यानं कर घेतला, पोस्टाचे वेगळे घेतले, पावती दिली. आठवडा संपायच्या आत पाकीट पोस्टात आलं, मऊ, चपटं, कोपऱ्यावर दोन देशांचे शिक्के.

"एवढ्याशा लोकरीसाठी एवढा खटाटोप," तो पाकीट देताना म्हणाला. "नातीची शाल तर झाली म्हणे. माझी बायको बघून आली. फार सुंदर आहे म्हणाली, कड तर विशेष."

"धाकटीची झाली," अट्रॅक्टा म्हणाली. "थोरलीची राहिलीय."

डेक्लननं तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारणार होता, आणि मग त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.